चिप बसवली आणि घाटात पिकअप गेला: टर्बो डिझेलमधला दोष शोधायचा कसा

भाच्याचा फोन खंबाटकी घाटातून आला. "मामा, गाडी तीन हजार आरपीएमच्या वर जायलाच तयार नाही. ट्रकसुद्धा पुढे काढून चाललेत. इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. पेटी बेकार निघाली बघ." पेटी म्हणजे ट्युनिंग बॉक्स. आठच दिवसांपूर्वी त्याने तो हौसेने बसवला होता. मी म्हटलं, गाडी बाजूला घे, चावी काढ, मिनिटभर थांब आणि पुन्हा चालू कर. त्याने तसं केलं आणि सुरूर फाट्यापर्यंत गाडी मुकाट चालली. दिवा मात्र तसाच राहिला.

पुढचे दोन शनिवार आम्ही त्या गाडीखाली काढले. दोष पेटीत नव्हता. कुठे होता ते पुढे येईलच, पण तो शोधताना आम्ही जो क्रम पाळला (आणि जो आधीच पाळायला हवा होता) तो इथे लिहितो. उदाहरण आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या कॉमन रेल डिझेलचं (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल देणाऱ्या इंजिनाचं) घेतलंय. १.३ मल्टिजेट बहुतेकांच्या ओळखीचं आहे: १२४८ सीसी, ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं हे इंजिन टाटा आणि फियाटच्या गाड्यांत आलं, आणि मारुतीने २०२० साली डिझेल बंद करेपर्यंत त्यांच्याही गाड्यांत होतं. इंजिन दुसरं असलं तरी शोधायची रीत हीच.

बसवलंय काय, ते आधी ओळखा

पूर्वी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, उघडून त्यातली मेमरी चिप खरोखर बदलायचे. ते दिवस गेले, नाव राहिलं. आज "चिप" या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे रिमॅप, म्हणजे ईसीयूतला प्रोग्रामच बदलणं. दुसरी म्हणजे सेन्सर आणि ईसीयूच्या मधे अडकवायची पेटी.

पेटी काय करते हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम सोपं होतं. कॉमन रेलवर एक प्रेशर सेन्सर असतो. त्याला पाच व्होल्ट मिळतात आणि तो दाबाप्रमाणे साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट परत पाठवतो. पेटी त्या सिग्नलमध्ये हात घालते. रेलमध्ये खरा दाब १,५०० बार असेल तर ईसीयूला १,३५० सांगते. ईसीयूला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो वाढवतो. त्यामुळे नोझल उघडं असतं तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जातं. झाला पिकअप.

आता यातली मेख बघा. गाडीतले दोष वाचायचा स्कॅनर रेलमध्ये डोकावत नाही, तो ईसीयूला विचारतो. ईसीयूला पेटीने खोटं सांगितलेलं असतं आणि तेच खोटं स्कॅनर तुमच्यासमोर छापतो. पेटी जोडलेली असताना स्कॅनरवर "सगळं नॉर्मल" दिसलं तर त्या नॉर्मलला काडीची किंमत नाही. काही पेट्या बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबून भरलेल्या हवेच्या दाबाच्या, सेन्सरवरही बसतात. तिथे तर खरा बूस्ट हद्दीबाहेर गेला तरी ओव्हरबूस्टचा कोड (ईसीयूने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) येईलच याची खात्री नाही. अशा पेटीबरोबर निदान तपासणीपुरता तरी मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला) खरा यांत्रिक गेज लावलेला बरा.

कोड पुसायच्या आधी लिहून घ्या

दिवा लागला की पहिली ऊर्मी कोड पुसायची येते. थांबा. कोड, त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम (त्या क्षणीचे आरपीएम, वेग, लोड, तापमान) आणि तुमचं स्वतःचं निरीक्षण एका कागदावर उतरवा. इंजिन गार होतं की गरम? कितव्या गिअरमध्ये? एसी चालू होता? गाडीत माणसं किती? मागे धूर कसला होता? मागच्या गाडीतल्या मित्राला विचारा, आरशात धुराचा रंग नीट कळत नाही.

धुराची भाषा सोपी आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर आणि तेलकट वासाचा म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्टला पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे न जळलेलं डिझेल. चिप बसवल्यावर फुल एक्सिलरेटरला किंचित काळपट रेघ दिसणं समजू शकतो, पण मागचा दुचाकीवाला नाक दाबून बाजूला होत असेल तर हवेच्या बाजूला काहीतरी बिघडलंय असं धरून चाला.

पेटी काढा

ही पायरी कुणालाच आवडत नाही, कारण पैसे मोजून घेतलेली वस्तू काढायची असते. तरी काढाच. नुसती बंद करू नका किंवा शून्यावर ठेवू नका. हार्नेससकट बाहेर घ्या आणि कंपनीचा मूळ सॉकेट सेन्सरवर परत बसवा. टक् असा आवाज आला पाहिजे. रिमॅप असेल तर ज्याच्याकडून केलात त्याच्याकडून मूळ फाइल परत टाकून घ्या. मूळ फाइल जपून न ठेवणाऱ्या ट्युनरकडे पुन्हा पाय ठेवू नये, हे माझं मत.

मग कोड पुसा आणि दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालवा. त्यात एक चांगला चढ हवा. दिवा पुन्हा लागला तर दोष गाडीत आहे आणि चिप निर्दोष. नाही लागला तरी चिप दोषी ठरत नाही. गाडी मूळ ताकदीपुरती ठीक आहे आणि वरच्या भाराला कुठेतरी कमी पडतेय, एवढाच त्याचा अर्थ. दहा वर्षांच्या गाडीत अशा जागा भरपूर असतात: सैल क्लिप, अर्धा चोंदलेला डिझेल फिल्टर, शेवटच्या घटका मोजणारी क्लच प्लेट. चिप त्या उघड्या पाडते.

चावी ऑन, इंजिन बंद: फुकटची एक तपासणी

ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा रीडर) आणि मोबाइल ॲप असलं तरी हे जमतं. इंजिन चालू न करता नुसती इग्निशन ऑन करा आणि मॅनिफोल्ड प्रेशर बघा. हा सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणून बंद इंजिनात त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. मुंबईत किंवा रत्नागिरीत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९४–९५, महाबळेश्वरला ८६–८७. पुण्यात उभ्या गाडीत ११० किंवा ८० दिसत असेल तर सेन्सरवर काजळी बसलीय, सेन्सर गेलाय किंवा वायरिंगमध्ये घोळ आहे. सेन्सर काढून सेन्सर क्लीनरने धुवा. मॅनिफोल्डमधली ती ओली काजळी डांबरासारखी चिकटते. सुईने किंवा काडीने टोकरायला जाऊ नका, आतला नाजूक भाग जातो.

तसंच रेल प्रेशर बघा. इंजिन बंद करून काही वेळ झाला असेल तर ते शून्याजवळ हवं, आणि सेन्सरच्या सिग्नल वायरवर मल्टिमीटरने अर्ध्या व्होल्टच्या आसपास. मीटरची टोकं सॉकेटच्या पिनमध्ये समोरून कोंबू नका. त्याने पिनचं तोंड फाकतं आणि आधी नसलेला लूज कॉन्टॅक्ट तुम्हीच तयार करता. वायरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून मोजा.

सॉकेट हातात आहे तोवर त्याचं रबरी सील जागेवर आहे का तेही पाहा. पेटी बसवताना ते गळून पडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कोकणात एक पावसाळा काढला, किंवा सर्व्हिसिंगला कुणी इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं, की पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर येतो. अधूनमधून येणारा, गॅरेजमध्ये नेलं की गायब होणारा झटका बऱ्याचदा इथलाच असतो.

हवेची गळती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पी०२९९ म्हणजे अंडरबूस्ट. ईसीयूने मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही. हा कोड ऐकला की "टर्बो गेला" असं सांगणारे मिस्त्री पुष्कळ भेटतील. टर्बो स्वस्त नसतो, तेव्हा आधी पाईप बघा.

टर्बोपासून इंटरकूलर (ती दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड या वाटेवर रबरी होज आणि क्लिपा असतात. उष्णता आणि ऑइलच्या वाफेने रबर आतून कुजतं. बाहेरून ते अगदी साबूत दिसू शकतं. खूण म्हणजे तेलकट काळा डाग. टर्बोच्या पाईपमध्ये ऑइलचा पातळ थर असणं स्वाभाविक आहे, त्यामुळे हवा जिथून निसटते तिथे ते तेल बाहेर फवारलं जातं आणि त्यावर धूळ बसते.

भाच्याच्या गाडीत आम्ही होज वरून तीनदा पाहिला. काही नाही. शेवटी खालचा स्प्लॅश गार्ड काढला तर त्याच्या आतल्या अंगावर हाताच्या पंजाएवढा पिंजारलेला काळा डाग. बरोबर वर होजचं पोट. मी तो दोन्ही हातांनी दाबला आणि पिळला, तेव्हा खालच्या बाजूला बोटभर लांबीची चीर ओठांसारखी उघडली. हात सोडला की पुन्हा मिटायची. कमी बूस्टला चीर बंद, घाटात पूर्ण भार आला की उघडी. मूळ ताकदीला ती जेमतेम तग धरून होती. पेटीने भार वाढवला आणि ती बोलायला लागली.

होज हाताने दाबून कळला नाही तर दाबाची चाचणी करा. टर्बोच्या तोंडाला बसेल असं प्लंबिंगच्या दुकानातलं पीव्हीसीचं टोपण घ्या आणि त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. एअर फिल्टरकडून येणारा पाईप टर्बोजवळून काढून तिथे हे टोपण क्लिपेने आवळा. ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी) सुटी करून टोपणाच्या बाजूचं भोक बंद करा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून सील उडवेल. आता हवा भरा, पण अर्धा बार, फार तर पाऊण. पंक्चरवाल्याच्या टाकीत सात-आठ बार असतात, तेव्हा रेग्युलेटरशिवाय हे करू नका आणि टोपणासमोर उभे राहू नका. सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. पंक्चर काढताना येतात तसे बुडबुडे आले की जागा सापडली. इंजिनाच्या एखाद्या उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा पुढे जाईल, तिचा फुसफुस आवाज गळतीचा समजू नका.

गळती नसेल तर बूस्ट आवरणाऱ्या वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट सोडणारं दार) किंवा व्हीजीटीचा (हलणाऱ्या व्हेनचा, म्हणजे पात्यांचा टर्बो) ॲक्च्युएटर, म्हणजे ते हलवणारी दांडी, बघा. १.३ च्या ७५ पीएसवाल्या आवृत्तीत साधा टर्बो आहे, ९० पीएसवालीत व्हेरिएबल जॉमेट्रीचा. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या. दांडी अडखळत न थांबता सरकली पाहिजे आणि पंप धरून ठेवल्यावर जागेवर टिकली पाहिजे. हळूहळू परत येत असेल तर डायफ्राम फाटलाय. मधेच अटकत असेल तर व्हेनवर कार्बन बसलाय, आणि शहरातल्या शहरात हळू चालवलेल्या गाडीत हे हमखास आढळतं. अडकलेल्या व्हेन बूस्ट सोडत नाहीत, तेव्हा उलटा कोडही येतो: पी०२३४, ओव्हरबूस्ट.

टर्बोचा खेळ, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, बघायचा तर गार इंजिनात, पाईप काढून, आतलं चाक बोटांत धरा. आडवा किंचित हलणं चालतं. मागेपुढे जाणवण्याइतकं हलत असेल किंवा पात्यांनी घराला घासल्याच्या रेघा दिसत असतील तर मग मात्र टर्बो खरंच गेला. इंटरकूलरमध्ये ऑइलचं तळं साचलं असेल तर गाडी चालवू नका. डिझेल इंजिन ते ऑइल ओढून त्यावरच धावू लागतं आणि चावी काढूनही थांबत नाही. तशी वेळ आलीच तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन गळा दाबून बंद पाडायचं.

डिझेलची बाजू

पी००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी. चिपनंतर हा कोड का येतो ते वरच्या पेटीच्या गणितावरून कळेल. ईसीयूला समाधान वाटावं म्हणून पंपाला आता मूळपेक्षा जास्त दाब द्यावा लागतो. पंपाची, फिल्टरची, नोझलची शिल्लक ताकद संपलेली असेल तर तो तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून हा कोड फक्त पेटीसोबतच येत असेल तर पंप बदलायला धावू नका. आधी डिझेल फिल्टर बदला, त्यातलं पाणी काढा, नव्या फिल्टरनंतर हवा नीट काढली गेली का बघा.

तरी येत असेल तर नोझलचं रिटर्न मोजा. चारही नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि इंजिन आयडलला काही मिनिटं चालवा. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत दुप्पट डिझेल आलं, तर ते नोझल आतून गळतंय आणि रेलचा दाब तिथे वाया जातोय. लॅबमध्ये पाठवायचं ते तेवढंच.

हे काम रिटर्नच्या नळ्यांवर करायचं. रेलपासून नोझलकडे जाणारे धातूचे पाईप चालू इंजिनात सैल करू नका. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री ते करायचे, इथे तसं चालत नाही. १,५०० बारची बारीक धार कातडी भेदून आत जाते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि मामला हात गमावण्यापर्यंत जातो. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

इंजिन नव्हे, क्लच

"आरपीएम चढतात पण गाडी ओढत नाही" ही तक्रार पुष्कळ वेळा इंजिनाची नसतेच. सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाने जा आणि एक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा एकदम उसळला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच सुटतोय. जळका वास येईपर्यंत चाचणी लांबवू नका. जादा टॉर्क पहिला इथेच जाणवतो, आणि याला स्कॅनरवर कोणताही कोड नाही.

पुन्हा जोडताना

सगळं दुरुस्त झाल्यावर आधी पेटीशिवाय एक नोंद करून ठेवा. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजारापासून पुढे, एकाच ओळखीच्या चढावर, आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, रेल प्रेशर आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. स्वस्त डोंगल संथ असतात, म्हणून चारपेक्षा जास्त गोष्टी एकदम मागू नका. फोन शेजारच्याच्या हातात. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघायचा असेल तर साधं ॲप सहसा पुरत नाही, गॅरेजचा स्कॅनर लागतो.

मग पेटी सगळ्यात खालच्या सेटिंगवर जोडा आणि तोच चढ, तेवढीच माणसं, तशीच संध्याकाळ. बूस्टची आणि तापमानाची तुलना करता येते. रेलच्या आकड्याची नाही, तो आता पेटीच्या तोंडून येतोय. एकेक पायरी वर न्या आणि प्रत्येकीवर दोन-तीन दिवस चालवा. काळा धूर वाढला आणि पिकअप तेवढाच राहिला, की एक पायरी मागे या.

बीएस-६ गाडीत डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर डिपस्टिक आठवड्याला बघा. जास्त काजळीमुळे फिल्टर वारंवार जाळून साफ करावा लागतो, त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. पातळी वाढणं ही चांगली बातमी नाही, ऑइल पातळ झालंय.

पेट्रोल टर्बोवाल्यांसाठी दोनच ओळी: भाराला झटका बसत असेल तर आधी प्लगची गॅप आणि कॉइल, आणि मॅप (ईसीयूतला प्रोग्राम) ज्या ऑक्टेनसाठी लिहिलाय तेच पेट्रोल टाकीत आहे का ते बघा. ९५ ऑक्टेनचा मॅप आणि ९१ चं पेट्रोल ही जोडी मे महिन्यातल्या दुपारी नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन खडखडण्याला, आमंत्रण देते.

वॉरंटीतल्या गाडीत काही लपत नाही. पेटी काढून नेली तरी कंपनीच्या स्कॅनरला मागच्या नोंदी दिसू शकतात, आणि फोक्सवॅगन गटात तर बदललेल्या गाडीवर टीडी१ अशी खूणच मारतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, तेही एकदा वाचून घ्या, आणि विमा कंपनीला काय सांगायचं ते आधी ठरवा.

राहिला धूर. त्याच्यासाठी पीयूसी केंद्रासारखा स्वस्त मीटर नाही. बीएस-४ डिझेलला के व्हॅल्यूची (धुराच्या दाटपणाच्या आकड्याची) मर्यादा १.६२ आहे, बीएस-६ ला ०.७. पेटीविना एकदा आणि पेटीसकट एकदा मोजून घ्या. भाच्याच्या गाडीला नवा होज घातल्यावर आम्ही हेच केलं. तिसऱ्या सेटिंगला आकडा मर्यादेच्या आत पण फार जवळ आला, म्हणून पेटी दुसऱ्यावर आणून ठेवली. परवा तो खंबाटकी चढून गेला, तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून. फोन आला तो सुरूरवरून, चहा घेताना.